दोन भाकरींचं अंतर

उषाबाईंना खाली बसून निवांत चहा पिताना आष्टीत कुणी बघितलं असेल, तर त्यानं खुशाल हात वर करावा. बाई कपबशी घेऊनच ओट्यावर यायच्या, दोन घोट उभ्यानं घ्यायच्या, तेवढ्यात रस्त्यानं एखादी पोटुशी सून दिसायची. "काय गं, लोहाच्या गोळ्या खाती का कोंबड्यांना घालती?" झालं! मग ती सून, तिची सासू, सासूची कंबर, सगळ्यांची चौकशी होईस्तोवर चहाचं पार पाणी. मालक काकासाहेब शेतकरी माणूस, बोलायला थंड. ते म्हणायचे, "हिच्या पायाला भिंगरी हाय, अन् जिभेला दोन."

एक्याऐंशी साली उषाबाई नर्स म्हणून नोकरीला लागल्या. बाळंतपणं करायला म्हणून सरकारनं घेतलं, पण बाईंना नाद लागला बाळंतपण शिकवायचा. दर गुरुवारी शाळेच्या एका खोलीत त्या गावातल्या गरोदर बायका गोळा करायच्या. पोरी पुढं, सासवा मागं दाराशी. सासवांना त्या मुद्दाम बोलवायच्या, कारण शिकायचं असतं पोरीनं आणि ठरवायचं असतं सासूनं, हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळून चुकलं होतं. शिकवायला सामान काय, तर एक नारळ आणि एक झबलं. झबल्याचा गळा म्हणजे बाळाची वाट, नारळ म्हणजे डोकं. नारळ आडवातिडवा घुसवला की गळ्यात अडकायचा; नीट फिरवला की अलगद बाहेर. बायका तोंडाला पदर लावून खिदळायच्या. "हसा, हसा," बाई म्हणायच्या, "हाच नारळ पोटात आडवा झाला म्हणजे कुणी हसत न्हाई."

पण ह्या सगळ्या शिकवण्याचा खरा गाभा नारळात नव्हता. तो होता भाकरीत. आणि ती भाकर बाईंना सापडली अंकुशनगरला.

नोकरीची पहिली तीन वर्षं त्या तिकडं, साखर कारखान्याच्या बाजूला होत्या. ऊसतोडीच्या हंगामात कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडायच्या, शेदोनशे. त्यातल्या बायका आठव्या, नवव्या महिन्यातही मोळ्या डोक्यावर घेऊन शिडीनं गाडीवर चढायच्या. आणि कळा सुरू झाल्या तर? गप्प बसायच्या. ती एक रीतच होती, अजूनही कुठं कुठं आहे. कळा कुणाला सांगायच्या नाहीत. जितक्या कानांना कळतं तितकं बाळंतपण लांबतं, असं म्हणतात. त्यामुळं बाई दात आवळून घरभर कामं करत राहायची, आणि हातपाय गळाले म्हणजे मग घरचे धावत नर्सबाईकडं. नर्सबाईंनी विचारायचं, "कळा कधी सुरू झाल्या?" आणि घरच्यांनी म्हणायचं, "आत्ताच की, बाई."

आत्ताच! दोन दिवस झालेले असायचे, पाणी वाहून गेलेलं असायचं, बाईच्या जिभेला कोरड पडलेली असायची, आणि आत्ताच. एक पोरगी तर अशी "आत्ताच" सांगून आणलेली बैलगाडीतच गेली. एकोणीस वर्षांची होती. उषाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तिच्या सासूला त्यांनी भर रस्त्यात वाट्टेल ते सुनावलं. "खोटं बोलून सून मारली तुम्ही! हातानं मारली!" सासू खाली मान घालून नुसती उभी राहिली. बाई मग आठ दिवस धड जेवल्या नाहीत. रागानं म्हणा, दुःखानं म्हणा.

अडचण अशी होती की बायकांना विचारलं, कळा किती वेळानं येतात, तर उत्तर काय येणार? "लई जल्दी येतात." जल्दी म्हणजे किती? कोपीत घड्याळ कुणाकडं? एके दिवशी एका तोडकरीण बाईला त्यांनी असंच खोदून खोदून विचारलं. ती चुलीपुढं होती. वैतागून म्हणाली, "आता कसं सांगू, माय! एक कळ गेली की दुसरी येईस्तोवर दोन भाकरी व्हतात." बाई तिच्याकडं बघतच राहिल्या. भाकर थापायची, तव्यावर टाकायची, उलटायची, फुगवून काढायची. प्रत्येक बाईचा हात त्यात बसलेला. भाकरीला घड्याळ लागत नाही, आणि अंधारात, उन्हात, कुठंही ती तेवढाच वेळ घेते. त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ लावून वीसेक बायकांच्या भाकरी मोजल्या. बायकांना वाटलं नर्सबाईला काहीतरी झालंय.

त्या दिवसापासून शिकवण ठरली. "दोन भाकरींच्या आत दुसरी कळ आली, की उठायचं आणि सांगायचं. ओरडून सांगायचं. कुणाची वाट बघायची न्हाई, गाडी जुंपायची अन् निघायचं. सासवांनो, ऐकलं का? सुनेनं सांगितलं की तुम्ही कमरेला पदर खोचायचा, 'बघू संध्याकाळी' म्हणायचं न्हाई!" आष्टीला बदली झाली तशी ही भाकर आष्टीत आली, तिथून परतूरला, मंठ्याला. मंठ्याच्या बाजूला साळूबाई म्हणून एक म्हातारी सुईण होती. ती आधी बाईंना शिव्या द्यायची, "चार बुकं शिकून आम्हाला शिकवती," म्हणून. पण भाकरीची गोष्ट तिला लगेच पटली, कारण ती तिच्या चुलीतली होती. तिनं ती पन्नास गावांत नेली. दहा-बारा वर्षांत किती पोरी वाचल्या असतील? बाईंनी कधी मोजल्या नाहीत.

हे सगळं सांगितलं, कारण आता शहाण्णव सालची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना माझाच जीव वरखाली होतो.

उषाबाईंना एकच लेक, बेबीनंदा. घरात नंदा म्हणायचे. परतूरला दिलेली, जावई रामकिसन पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. नंदाला दिवस गेले तेव्हा सासू गिरिजाबाई म्हणाल्या, "इथं डॉक्टरीणबाई हाकेवर हायत. इथंच राहू द्या पोरीला." पण पहिलं बाळंतपण माहेरी, हा सगळ्या मुलखाचा रिवाज, आणि त्यात माहेर नर्सबाईचं! उषाबाईंना ते बोलणं झोंबलं. "जगाच्या पोरी मी बाळंत करायच्या, अन् माझी लेक दुसरीच्या हातात द्यायची? इहीणबाई, एक जीव घेऊन जाते, दोन जीव आणून देते." चार बायकांत बोलून बसल्या. पहिलटकरणीचं काही कमीजास्त झालं तर सगळा बोल माहेरावर येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

नंदा आली, आणि बाईंची झोप उडाली. दुसऱ्यांच्या पोरींच्या वेळी दगडासारखं काळीज असणारी बाई, लेकीनं नुसता सुस्कारा टाकला तरी दचकायची. जेवता जेवता उठून तिच्या पोटाला हात लावायची. नववा लागल्यावर नंदाच्या पोटात जरा दुखलं, तशी बाईंनी तिला जीपमध्ये घालून परतूर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, खोट्या कळा, घरी जा. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा खोट्या. त्या दुसऱ्या वेळी गिरिजाबाई दवाखान्याच्या आवारात हसत हसत म्हणाल्या, "इहीणबाई, कळा पोरीला येऊन राह्यल्या का तुम्हाला?" बाकड्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. डॉक्टरीणबाईंची आयासुद्धा हसली. एकजण म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!" थट्टाच ती, वाईट मनात काही नव्हतं. पण उषाबाईंची कानशिलं तापली. आता काही झालं तरी उगाच घाबरायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. दुधानं तोंड पोळलं म्हणजे माणूस ताक फुंकून पितो. ह्या बाईंनी ताक फुंकून हसू झालं म्हणून ऊन दूध गटागटा प्यायचं ठरवलं.

पुढच्या बुधवारी मंठ्याला सुईणींचा वर्ग होता. जालन्याहून साहेब येणार होते. सकाळी सहाला बाई साडी नेसून पिशवीत नारळ-झबलं टाकत होत्या. नंदा चुलीपुढं बसली होती. नको म्हटलं तरी ती सकाळच्या भाकरी करायचीच.

"आई."

"काय गं?"

"एक भाकर उतरली की कळ येती. चार भाकरी झाल्या, बराबर येऊन राह्यली. अन् साडी ओली झाली माझी."

पिशवी खाली पडली. धावत जाऊन त्यांनी पोटावर हात ठेवला. त्या घटकेला कळ ओसरली होती, पोट मऊ लागलं. आणि तिथंच कानात ते हसू वाजलं. आवारातलं, बाकड्यावरचं.

"मऊ हाय पोट," त्या म्हणाल्या. "मागच्यासारख्याच हायत. अन् ओल्याचं काय, डोकं खाली उतरलं की लघवी दम धरत न्हाई."

"आई, मी मोजल्या गं."

"तुझ्या भाकरी कागदावाणी पातळ. टाकली की भाजली. पहिलटकरीण हायस, खऱ्या असल्या तरी संध्याकाळपर्यंत काही व्हत न्हाई."

नंदानं तव्यावरची भाकर उलटली. बाई चपला घालायला लागल्या तेव्हा इतकंच म्हणाली, "आज नको ना जाऊ."

"साहेब येणार हायत बाई. दुपारी आलेच मी." काकासाहेब शेतात गेलेले. शेजारच्या कडूबाच्या बायकोला "जरा लक्ष ठेव" असं सांगून बाईंनी मोटार धरली. धरली खरी, पण परतूर येईपर्यंत त्या दोनदा उठून दारापर्यंत गेल्या आणि परत बसल्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, उतरायचं का बसायचं, एक काय ते ठरवा." काय ठरवणार! पाय मंठ्याकडं, जीव चुलीपुढं.

मंठ्याला वर्ग सुरू झाला. साहेब अजून यायचे होते. बाईंनी नारळ काढला, झबलं काढलं. नारळ फिरवता फिरवता हातातून सुटला आणि गडगडत भिंतीला लागला. पुन्हा उचलला, पुन्हा चुकला. वीस वर्षांची पोरगीसुद्धा तो नीट बाहेर काढील, आणि बाईंना जमेना. मध्येच त्या खिडकीशी जात होत्या. घड्याळ बघत होत्या. एका सुईणीनं काहीतरी विचारलं, त्यांनी भलतंच उत्तर दिलं.

साळूबाई पुढंच बसली होती, पाय पसरून. तिनं विचारलं, "बाई, लेक कशी हाय तुमची? दिवस भरले आसतील."

"बरी हाय. सकाळी जरा कळा आल्त्या. खोट्या."

"कशावरून खोट्या?"

"पोट मऊ लागलं."

"कळ गेल्यावर मऊच लागतंय की. पोरीनं मोजल्या का न्हाई?"

उषाबाईंनी पदर बोटाला गुंडाळला. सोडला. "मोजल्या."

"मंग?"

"एका भाकरीला एक." आणि मग, न विचारता, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साडी ओली झाल्ती."

साळूबाईनं पाय आवरून घेतले. "आगं माझे बाई," ती म्हणाली, "तूच सांगतीस ना, दोन भाकरींच्या आत आली की कुणाची वाट बघायची न्हाई? मंग तू हितं काय करून राह्यलीस?"

इतक्या वर्षांत साळूबाईनं त्यांना कधी अगं-तुगं केलं नव्हतं. बाई उठल्या. चपला दारातच राहिल्या. बाहेर साहेबांची जीप नुकतीच थांबत होती. नमस्कार नाही, चमत्कार नाही, बाई थेट जीपपुढं उभ्या. "साहेब, मला परतूरला सोडा. माझी लेक अडलीय." अडलीय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या क्षणी त्यांना ते ठाऊक होतं. साहेब भला माणूस, स्वतः उतरला आणि ड्रायव्हरला म्हणाला, घेऊन जा.

घाईत तोंडून परतूरच निघालं होतं; तिथं सोडून जीप माघारी गेली, आणि त्या आष्टीची गाडी बघत स्टँडवर राहिल्या. गाडी नाही. त्या स्टँडभर फेऱ्या घालत होत्या, अनवाणी. डांबर तापलेलं, पण त्यांना ते कळत नव्हतं. देवाला नवस बोलत होत्या, आणि बोलता बोलता स्वतःलाच शिव्या घालत होत्या. तेवढ्यात आष्टीच्या रस्त्यानं कडूबाचा टेम्पो आला, हॉर्न दाबतच. मागं गोधडीवर नंदा. कडूबाच्या बायकोच्या मांडीवर डोकं. ओठ दाताखाली, चेहरा पांढराफटक.

"पोरीनंच हाक मारली," कडूबा म्हणाला. "आम्ही म्हणलं, बाईंना येऊ द्या. ती म्हणली, आईची वाट बघायची न्हाई, टेम्पो काढा."

उषाबाई चालत्या टेम्पोत चढल्या. लेकीचा हात धरला. नंदानं हात काढून घेतला नाही, पण डोळेही उघडले नाहीत.

दवाखान्यात निरोप आधीच पोचला होता. गिरिजाबाई आणि रामकिसन दारातच उभे. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पाणी हिरवट आलेलं, बाळाचे ठोके मंदावलेले. त्यांनी वळून विचारलं, "कळा कधी सुरू झाल्या?"

किती सोपा प्रश्न. ह्या बाईंनी तो पंधरा वर्षांत हजारदा विचारला असेल. आणि आता गिरिजाबाई शेजारी उभ्या, जावई समोर, कडूबाची बायको मागं, आणि उषाबाईंच्या जिभेवर आपोआप एक शब्द येऊन बसला. आत्ताच. इतकं सोपं होतं. पोरगी बोलायच्या अवस्थेत नव्हती. दोन जीव आणून देते म्हणाली होती ती नर्सबाई, तिची अब्रू त्या एका शब्दात वाचणार होती. अंकुशनगरच्या रस्त्यात खाली मान घालून उभी राहिलेली ती सासू त्यांना पहिल्यांदा समजली. त्या बाईनं सून मारायला खोटं सांगितलं नव्हतं. ती भ्याली होती.

"बाई, लवकर सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सकाळी सहाच्या आधी," उषाबाई म्हणाल्या. "एका भाकरीला एक, म्हणजे तीन मिनिटांनी. पाणी तेव्हाच गेलं व्हतं. तिनं मला बराबर सांगितलं. मी ऐकलं न्हाई. मी तिला खोटी ठरवून कामाला निघून गेले."

रामकिसननं मान फिरवली. डॉक्टरीणबाईंनी एक शब्द वाया घालवला नाही, सहापासून आत्तापर्यंतचा हिशेब त्यांच्या डोक्यात झाला आणि दार लागलं. चिमटा लावावा लागला. मुलगी झाली, निळी, मुकी. ती रडेपर्यंत जो वेळ गेला तो बाईंनी दाराच्या लाकडाला कपाळ टेकून काढला. नंदाचं रक्त बरंच गेलं, रामकिसनचं जुळलं म्हणून त्याचं दिलं. पोर तीन दिवस जालन्याला काचेच्या पेटीत होती. पण वाचल्या. दोघी वाचल्या. त्या दिवशी आणखी तास गेला असता, किंवा बाईंनी "आत्ताच" म्हटलं असतं, तर काय झालं असतं हे डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. ते इथं सांगवत नाही.

गिरिजाबाई आता आग पाखडणार, असं बाईंना वाटत होतं. तशी त्यांनी तयारीच ठेवली होती. गिरिजाबाईंनी तांब्यातून पाणी ओतून पुढं केलं आणि म्हणाल्या, "घ्या, इहीणबाई. तोंडाला कोरड पडलीय तुमच्या." बस, इतकंच. आजतागायत इतकंच.

पोर जालन्याहून परत आली, नंदा बोलायला लागली, तेव्हा उषाबाई म्हणाल्या, "चुकलं माझं, बाळा." नंदा म्हणाली, "हं." लेकीला जवळ घेऊन पाजत राहिली.

पुढच्या गुरुवारपासून बाई वर्गात ही गोष्ट सांगायला लागल्या. दुसऱ्या कुणाची म्हणून नाही, स्वतःच्या नावानं. "मी ऐकलं न्हाई. मी, ही उषा नर्स." साहेब एकदा म्हणाले, "बाई, असं सांगू नका, लोकांचा विश्वास उडतो." बाई म्हणाल्या, "माझ्यावरचा उडू द्या साहेब. पोरींवरचा बसला पाहिजे." दाराशी बसलेल्या सासवा चुळबुळ करायच्या, कुणी खाली बघायची, कुणी उठून जायची. बाई पुढं सांगतच राहायच्या.

दोन हजार साली नंदाला पुन्हा दिवस गेले. दुसरं बाळंतपण सासरी, त्यात वावगं काहीच नाही. तरी उषाबाईंनी डिंक आणला, खारीक कुटली, लाडू बांधून डबा परतूरला पोचवला. आठव्या महिन्यात त्या स्वतः जाऊन आल्या, "येऊ का मी चार दिवस?" असं विचारायचं ठरवून. नंदानं चहा केला, पोरीच्या शाळेचं सांगितलं, सगळं गोडीत. विचारायचं मात्र राहूनच गेलं. दिवस भरत आले तशी बाईंची पुन्हा तीच गत. घरात नवा फोन घेतलेला. त्याच्याभोवती येरझाऱ्या, चालू आहे की नाही म्हणून उचलून बघायचं, ठेवायचं, पुन्हा उचलायचं. काकासाहेब म्हणाले, "अगं, तू उचलून धरल्यावर तो वाजंल कसा?"

एका दुपारी वाजला. गिरिजाबाई होत्या.

"इहीणबाई, नातू झाला. दोघं खुशाल. सकाळी पोरगी म्हणली कळ येऊन राह्यली, अन् आम्ही तसेच उठलो, निघालो. काही तरास झाला न्हाई."

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं. "फार चांगलं केलंत," उषाबाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. वजन विचारलं, रक्त किती गेलं विचारलं, बाळ अंगावर प्यायला लागलं का विचारलं. मग म्हणाल्या, "सकाळीच कळवलं असतं तर मी आले असते हो."

गिरिजाबाई म्हणाल्या, "मी फोन करत व्हते. नंदाच म्हणली, आईला झाल्यावर सांगा."

उषाबाईंनी फोन जागेवर ठेवला आणि शेताकडं निघाल्या. काकासाहेब तुरीत होते. नातू झाला ऐकून त्यांनी टोपी काढून घाम पुसला, हसले, मग म्हणाले, "सकाळी कळा आल्या अन् आपल्याला आत्ता कळवलं व्हय?"

"बराबर केलं तिनं," उषाबाई म्हणाल्या, आणि तिथंच बांधावर बसून, पदरात तोंड घालून, मोकळ्यानं रडल्या.